मेणाची कुंची

दोन वर्षांच्या पोराचं माप उभ्यानं घेता येत नाही. शिंप्यानं आधी खाली मांडी घालावी, टेप पोराच्या हातात खेळायला द्यावा आणि पोर त्यात गुंतलं की सुतळीनं गुपचूप माप उरकावं. गळ्याचं माप सगळ्यात शेवटी, कारण गळ्याला हात लागला की पोर रडतंच. हे मला माझ्या अब्बांनी शिकवलं.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी शिंपीकामावर लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात शेरवान्या आणि लग्नाचे कोट असणार. तेही पुष्कळ शिवले. पण मी मेल्यावर कुणाला ठाऊक राहणार नाही असं एकच काम माझ्या हातचं आहे, आणि ते म्हणजे लहान पोरांच्या पावसाळी कुंच्या. म्हणून त्यांच्यावरच लिहितो.

आमचं दुकान मुरुडच्या बाजारपेठेत होतं, घर दुकानाच्या मागं. राज्य निजामाचं. कचेरीत उर्दू चाले, बाजारात मराठी. अब्बा जवानीत हैदराबादेला तंबू शिवायच्या कारखान्यात होते आणि तिथून मेणकापड करायची विद्या घेऊन आले होते. लातूरच्या घाण्यावरून जवसाचं तेल आणायचं, मंद आचेवर दाट होईस्तोवर उकळायचं, त्यात मेण आणि थोडी राळ घालायची. मांजरपाट ताणून बांधायचा आणि त्यावर या तेलाचा हात द्यायचा. वाळला की दुसरा, तो वाळला की तिसरा. उन्हात वाळवलं तर तडकतं, घाई केली तर चिकट राहतं. पावसाळी हवेत एक कापड हाताशी यायला पंधरवडा सहज जाई.

कुंची सगळ्यांना ठाऊक आहे. बाळाच्या डोक्यावरून पाठीवर येते ती. पण चालत्या पोराला ती पुरत नाही. ते पळतं, पडतं, डबक्यात बसतं. म्हणून अब्बांनी कुंचीला बाह्या जोडल्या, ती पुढून मिटवली आणि गळ्याशी नाडी न ठेवता काखेजवळ बटणं दिली. गळ्याशी नाडी असली आणि पोर कुठं अडकलं तर फास बसतो. शिवण खांद्यावर घ्यायची नाही, कारण पाणी तिथंच पडतं. दोरा मेणातून ओढून घ्यायचा. आत आईच्या जुन्या लुगड्याचं अस्तर लावायचं, म्हणजे पोराला ओळखीचा वास येतो आणि ते अंगावर ठेवतं. पोरानं काढून फेकलेलं कापड कितीही पक्कं असलं तरी काय कामाचं?

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एक पाटील तयार कुंचीत तांब्याभर पाणी ओतून ती दुकानात टांगायला लावत आणि खालून थेंब पडतो का ते बघत सकाळभर माझा चहा पीत बसत. लातूरच्या एका आडत्याच्या सुनेला कुंचीच्या काठाला लाल गोट शिवून हवा होता. मी म्हणालो, "बाई, जितके टाके तितकी भोकं." त्या म्हणाल्या, "असू द्या, पण उठून दिसलं पाहिजे." शिवून दिलं. पहिल्याच सरीत पोर भिजलं आणि भांडायला सासूबाई आल्या.

माझ्या कुंचीला नावं ठेवणारी एकच बाई होती, भागूबाई धनगरीण. नवऱ्याबरोबर मेंढरं घेऊन ती वर्षातून दोनदा मुरुडवरून जाई आणि घोंगड्या विकायला बाजारात बसे. कुंची हातात घेऊन नाकाशी न्यायची आणि म्हणायची, "दर्जीदादा, तेलाचा लई वास मारतोय. मेंढरू बी जवळ यायचं न्हाई." मी म्हणायचो, "आणि तुझी घोंगडी भिजली की पोराएवढी जड होते, त्याचं काय?" ती म्हणायची, "धुतल्यावर व्हती. न धुतलेल्या लोकरीवर पानी ठरत न्हाई. वर चिंचोक्याची खळ. तुमाला काय ठावं?" हा वाद आमचा कायमचा. दोघंही खरं बोलत होतो.

मग तो पावसाळा आला.

निजामाच्या बाजूनं बंदुका घेतलेल्या खाकी टोळ्या संस्थानभर फिरत होत्या. गावं लुटली जात, जाळली जात. हिंदू घरं एकेक करून सरहद्दीपलीकडं, बार्शीच्या अंगाला, हिंदी मुलुखात निघून जात होती. बार्शीच्या छोट्या आगगाडीत झडती होई, वाटेवर नाके होते. त्यामुळे माणसं शेताशेतांतून, भर पावसात चालत जात. काल दिवा लागलेलं घर आज बंद दिसे आणि कुणी कुणाला काही विचारत नसे.

मला मात्र आधी कळायचं. लाल, पिवळं, गोट मागणाऱ्या बाया आता म्हणायच्या, "मातीच्या रंगाचं मिळेल का?" मी मिळेल म्हणायचो. पोराला बाहेर कुठं नेणार हे विचारायची माझी रीत होती, माप त्यावर ठरतं. त्या पावसाळ्यात ती रीत सोडली.

त्याच मशीनवर मी खाकी कपडेही शिवत होतो. टोळीचा एक नाईक ठाण्याशेजारच्या घरात येऊन राहिला होता. तो खाकी कापडाचं थान आणून टाकी आणि दिवस सांगून जाई. नाही म्हणायची सोय नव्हती. मी मुसलमान, म्हणून त्याला मी आपला वाटत होतो. गावाला मी कोण वाटत होतो ते पुढं कळलं.

एके दिवशी इंदिराबाई दुकानात आल्या. शाळामास्तरांची बायको. मास्तर आधीच पलीकडं गेले होते; त्यांच्यावर वॉरंट होतं. कडेवर अंतू, दोन वर्षांचा, अंगानं बारीक. त्याला दोनदा डबा होऊन गेला होता. डबा म्हणजे पोराच्या छातीत कफ दाटतो, श्वास घेताना पोट आत जातं. वैद्यांनी सांगितलं होतं, तिसऱ्यांदा भिजलं तर हातचं जाईल.

दुसऱ्या गिऱ्हाइकाची कुंची टांगलेली होती, ती त्यांनी चिमटीत धरली आणि चुरगाळली. कडकड आवाज झाला. पुन्हा चुरगाळली.

"मेहबूबभाई, हे आवाज करतं हो."

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी काढला नव्हता. मी त्यांच्याकडं बघितलं. त्या खाली बघत होत्या.

"थोडं तेल कमी देऊन नरम करतो," मी म्हणालो. "आवाज कमी होईल. पण टिकणार नाही."

"किती टिकेल?"

"दोन-चार दिवसांचा पाऊस सहज काढेल, बाई."

"तेवढं पुष्कळ झालं," त्या म्हणाल्या.

तेलाचा तिसरा हात द्यायचा राहिलेलं थोडं कापड उरलं होतं, त्यातून मी ती कुंची बेतली. अस्तर दुहेरी घातलं, म्हणजे कापडाला कापड घासून वाजणार नाही. मनासारखी झाली होती. बटणं लावत होतो आणि नाईक आत आला.

"ये किसका है, मास्टर?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या पोरीचं."

तो हसला. "बुलाओ. देखेंगे."

मी आत हाक मारली. माझी बायको जुलेखा दाराआड सगळं ऐकत होती. तिनं रजियाला पुढं पाठवलं. रजिया अंतूपेक्षा थोडी मोठी, पण चणीनं लहान. मी तिच्या अंगात कुंची घातली. काखेतली बटणं लावली. कुंची अंगाला बसली. रजिया स्वतःभोवती फिरली, हात पसरून बघितले आणि खूश होऊन म्हणाली, "अब्बा, मला?"

नाईक वाकून बघत होता. शिवण बघितली, बटणं बघितली. मग म्हणाला, "मेरा भी एक है, इतनाच. उसके वास्ते दे दो. बेटी को दुसरा सी लेना." त्यानं स्वतःच बटणं सोडली, कुंची काढून घेतली, रजियाच्या गालाला हात लावला आणि गेला. रजिया रडायला लागली. त्याचं पोर कुठं होतं, त्याला ती कुंची झाली का, मला ठाऊक नाही. पोर होतं हे मात्र खोटं नसावं. ज्या रीतीनं त्यानं बाह्यांची लांबी बघितली, ती बापाची रीत होती.

इंदिराबाईंची निघायची वेळ ठरलेली होती. ज्या वाटाड्याच्या सोबतीनं जायचं तो थांबणार नव्हता. नवं मेणकापड वाळायला पंधरवडा. दुकानात हातभर तुकडे उरले होते, तेवढेच. मी जाऊन त्यांना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मग पोत्याची खोळ करते. दुसरं काय?"

पोतं म्हणजे पाण्याला आमंत्रण. मी तसाच बाजारात गेलो. भागूबाई घोंगड्या घेऊन बसली होती. मी तिला म्हणालो, "भागूबाई, एका पोराला भिजू द्यायचं नाही. न धुतलेली लोकर पाहिजे, नरम, आणि आज पाहिजे."

तिनं मला वर-खाली बघितलं. "मेण संपलं काय?"

"संपलं."

"कुनाचं पोर?"

मी सांगितलं नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही. गाठोड्यातून तिनं जावळाच्या लोकरीचा, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीचा, एक काळा पट्टा काढला. नातवाकरता ठेवलेला होता. "ह्यो घे. खळ दिल्याली हाय. आन् ऐक, त्या बाईला शेतातनं जाऊ दिऊ नगंस. शेतात चिखुल हाय, बाई मधीच बसंल. आमी उद्या मेंढरं घिऊन त्याच अंगाला निगालोय. धनगराच्या पोराला कोन इचारतंय?"

घरी येऊन मी लोकरीची कुंची बेतली. छातीवर आणि पाठीवर, लोकर आणि अस्तर यांच्या मध्ये, मेणकापडाचे उरलेले तुकडे घातले. लोकरीत दाबले गेल्यामुळं ते वाजत नव्हते. माझी विद्या आत आणि भागूबाईची बाहेर. घाईत शिवलेली, ओबडधोबड, पण मी हातांनी जे काही केलंय त्यात तिच्यासारखं दुसरं नाही. जुलेखानं तिच्यावर तांब्यानं पाणी ओतलं. पाणी गोळ्या गोळ्या होऊन खाली गेलं. रात्रीच मी ती इंदिराबाईंकडं पोचवली आणि भागूबाईचा निरोप सांगितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस धरून आला. मेंढरं गावाबाहेर निघाली. भागूबाईमागं डोक्यावर घोंगडी घेतलेली एक धनगरीण चालत होती, पाठीला पोर बांधलेलं. ती चालताना अवघडत होती, चपलांशिवाय चालायची सवय नसलेली बाई दुरूनही कळते. मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. तिनं मान वळवली नाही, आणि ते बरं केलं.

पुढं थोड्याच दिवसांत हिंदी फौज आली. निजामाचं राज्य संपलं. नाईक आणि त्याची माणसं फौज यायच्या आधीच पळाली. मागं राहिलो आम्ही.

आमच्या दुकानासमोर जमाव आला तेव्हा सकाळ होती. कुणीतरी ओरडलं, "खाकी हितंच शिवत होते!" ते खरंच होतं. कोण कोण आलं होतं त्यांची नावं मी इथं लिहीत नाही. त्यांतल्या काहींच्या पोरांना मी कुंच्या शिवल्या होत्या. मशीन त्यांनी आडात टाकलं. कापडाला आग लावली. जवसाच्या तेलाचा डबा तिथंच होता, सगळं भडकन पेटलं. मागच्या दारानं मी, जुलेखा आणि रजिया ज्वारीच्या रानात शिरलो. अंगावर होतं तेवढ्यानिशी.

ज्वारी उंच होती म्हणून लपता आलं. पण पाऊस थांबला नाही. सगळ्या तालुक्याच्या पोरांना मी कोरडं ठेवलं होतं, आणि माझ्या पोरीला पावसाळी कुंची मी कधी शिवलीच नव्हती. घर दुकानामागं; ती पावसात जाणार कुठं, असं वाटायचं. नाईक अंतूची कुंची घेऊन गेला त्यानंतर कापडच उरलं नव्हतं. जुलेखानं आपली ओढणी तिच्यावर घातली, मी सदरा घातला. ओल्यावर ओलं. रजिया आधी थंडी वाजते म्हणून रडत होती. मग रडायची थांबली, तेव्हा जुलेखा घाबरली.

भागूबाईचा तळ आम्हाला रानातच सापडला. मेंढरं परतीच्या वाटेवर होती. तिनं आम्हाला बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "आगुटी पेटीव." कोण, कुठले, कशाला, काही नाही. रजियाला तिनं कोरडं केलं, मेंढीच्या पोटाशी निजवलं, छातीला ओवा-तेल चोळलं. पण पोरीचं पोट आत जायला लागलं होतं. श्वासागणिक बरगड्यांखाली खळी पडत होती. जुलेखा तिला मांडीवर घेऊन बसली आणि दर थोड्या वेळानं मला म्हणत होती, "अजी, आता बरी वाटते ना? बघा, आता बरी वाटते."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. ऊन पडल्यावर गेली.

भागूबाईच्या नवऱ्यानं बाभळीखाली माती काढली. मला येत होती तेवढी दुआ मी म्हटली. त्या म्हाताऱ्याला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी मी थांबेपर्यंत तो पागोटं काढून उभा राहिला.

आम्ही मुरुडला परत गेलो नाही. नांदेडला जुलेखाचा भाऊ होता. त्याच्या दुकानात मला एक मशीन मिळालं आणि मी शाळेचे कपडे शिवू लागलो. जुलेखा काजं करी, बटणं लावी. मेणकापडाचं तेल मी पुन्हा उकळलं नाही. काही वर्षांनी रबराचे कोट आले आणि ते मागणारंही कुणी राहिलं नाही. आम्हाला पुन्हा मूल झालं नाही.

एका उन्हाळ्यात, शाळा सुरू व्हायच्या आधी, दुकानात एक बाई मुलाला घेऊन आल्या. मी मान वर केली आणि ओळखलं. त्यांनी मला ओळखायला वेळ घेतला, कारण मी मुरुडात असायला हवा होतो. मास्तरांची बदली नांदेडला झाली होती.

"मेहबूबभाई!" त्या म्हणाल्या आणि दुकानाच्या फळीवर बसल्या.

मग त्यांनी त्या वाटेचं सांगितलं. नाल्याजवळ नाका होता. बंदूकवाले पावसामुळं झाडाच्या आडोशाला बसले होते. एक जण उठून मेंढरांत आला आणि त्यानं काठीनं त्यांच्या पाठीवरचं गाठोडं ढोसलं. अंतूनं तोंड बाहेर काढलं. तेवढ्यात भागूबाई ओरडली, "आत बस की रे रेड्या, भिजाया लई हौस आलीया!" आणि त्याच्या डोक्यात टपली मारली. तो माणूस हसला आणि झाडाखाली परत गेला. "तिसऱ्या दिवशी पलीकडं निर्वासितांच्या छावणीत कुंची उघडली तर आतलं लुगड्याचं अस्तर कोरडं होतं हो," त्या म्हणाल्या. "सगळी छावणी बघायला आली."

अंतू आता शाळेत जाणारा झाला होता. काटक, सारखी चुळबुळ करणारा. मी त्याच्यापुढं मांडी घातली आणि टेप हातात घेतला. आता उभ्यानं माप घेता आलं असतं, पण मी खालीच बसलो.

"तुमची पोरगी?" इंदिराबाईंनी विचारलं. "रजिया ना तिचं नाव? आता मोठी झाली असेल."

मी छातीचं माप घेत होतो. म्हणालो, "नाही, बाई. त्याच पावसात गेली. भिजली होती."

पोरगं एकदा आईकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिलं. मी छाती घेतली, बाही घेतली, उंची घेतली. गळ्याला हात लावला तेव्हा तो रडला नाही, हसला. गुदगुल्या झाल्या म्हणाला. जाताना त्या दारापर्यंत गेल्या, परत वळल्या, आणि मग अंतूचा हात धरून पायरी उतरल्या.

संध्याकाळी जुलेखा कापलेले तुकडे जुळवायला बसली. विचारलं, "कुणाचं?"

"अंतूचं. मुरुडच्या मास्तरीणबाईंच्या पोराचं."

तिचे हात थांबले. "आलं ते पोर जिवंत?"

"आलं."

तिनं बाहीचा तुकडा गुडघ्यावर पसरला, तळहातानं सारखा केला. मग तुकडा माझ्याकडं परत सरकवत म्हणाली, "दोन बोटं वाढतं कापा, अजी. या वयात पोरं लई झपाट्यानं वाढतात."